नऊ पायऱ्या आणि लिफ्ट

आईचे गुडघे दुखतात, म्हणून पॅरिसच्या सुट्टीसाठी भाड्याचं घर शोधताना मी पहिली चाळणी लावली ती लिफ्टची. ‘तिसरा मजला, लिफ्ट आहे’ असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरता येत होतं. पण वर ती थांबायची दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध, जिना जिथे वळतो तिथे. तिथून आमच्या दारापर्यंत नऊ पायऱ्या. पॅरिसमधल्या या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा लिफ्ट नव्हत्याच. पुढे कधीतरी जिन्याच्या पोकळीत, नाहीतर मागच्या अंगणाच्या बाजूला, जिथे जागा सापडली तिथे त्या बसवल्या. आमच्या इमारतीत अंगणाची बाजू जिन्याच्या वळणावर उघडत होती, म्हणून लिफ्टचं दारही तिथेच. हे मला कळलं ते रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, दोन मोठ्या बॅगा आणि बहात्तर वर्षांची आई सोबत घेऊन तिथे उभी राहिल्यावर.

आई काही बोलली नाही. कठडा धरून एकेक पायरी चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, “नऊच आहेत.”

ही गोष्ट मे २०२५ मधली. आम्ही चौघं होतो : मी, नवरा, आई आणि आमची आठ वर्षांची लेक. मुक्काम ११ रात्रींचा. हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या आणि त्या शेजारी-शेजारी मिळतील याची खात्री नव्हती. आई रात्री दोनदा उठते. परक्या शहरात ती वेगळ्या दाराआड झोपलेली मला नको होती. तिला रक्तदाबामुळे कमी मिठाचं जेवण लागतं आणि तेही वेळेवर. सगळ्यांच्या मध्ये एक स्वयंपाकघर असलेलं घर हवं, हे तिथेच ठरलं.

पैशांचं आधी सांगते, कारण तिथे माझा अंदाज बराच चुकला होता. मध्यम दर्जाच्या हॉटेलात दोन खोल्यांचे रात्रीला ३०० युरो, म्हणजे एकूण ३३०० होत होते. दोन बेडरूमचं घर १९० ला मिळत होतं, एकूण २०९०. बाराशे युरो वाचतायत असं मी नवऱ्याला आनंदाने सांगितलं. मग पैसे भरायच्या पानावर सफाईचे १०० आले, बुकिंगच्या साइटचं सेवाशुल्क जवळजवळ ३०० आणि त्याखाली ‘ताक्स द सेजूर’, म्हणजे पर्यटकाच्या मुक्कामावरचा कर. तो माणशी आणि दर रात्रीचा असतो, १८ वर्षांखालच्यांना माफ असतो. दर्जाचे अधिकृत तारे मिळालेल्या जागांना तो ठरावीक असतो. तारे नसलेल्या घरांना भाड्याच्या टक्केवारीने लागतो. पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी २०२४ पासून त्यात मोठी भर पडली आहे. आमच्या तीन मोठ्यांचे मिळून अडीचशे युरो झाले. हॉटेललाही कर असतोच. तो धरला तर घर सातशे युरोंनी स्वस्त पडलं. ही रक्कम लहान नाही, पण मी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा पाचशेने कमी आहे. मुक्काम तीन-चार रात्रींचाच असता तर सफाईचे पूर्ण पैसे तेवढ्याच रात्रींवर पडले असते. तेवढ्या दिवसांसाठी मी हॉटेलच घेईन.

पॅरिसचे २० प्रभाग आहेत, त्यांना आरोंदिस्माँ म्हणतात. लूव्र संग्रहालयाच्या परिसरापासून सुरू होऊन ते गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने उलगडत जातात. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे प्रभाग : ७५०११ म्हणजे अकरावा. आम्ही अकराव्यात, बास्तिल चौकाच्या आसपास शोधत होतो. तिथे एक घर अगदी मनात भरलं. उंच खिडक्या, पांढऱ्या भिंती, भाडं बाकीच्यांपेक्षा कमी. जाहिरातीच्या तळाशी नोंदणी क्रमांक होता. पॅरिसमध्ये पर्यटकांना घर द्यायचं तर महापालिकेकडे नोंद करून १३ अक्षरांचा हा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो, डिसेंबर २०१७ पासून. त्यातले पहिले पाच आकडे प्रभागाचे असतात, पण पिनकोडपेक्षा थोडे वेगळे. अकराव्यातलं घर ७५१११ ने सुरू होतं. या घराचा क्रमांक ७५११८ ने सुरू होत होता. म्हणजे अठरावा प्रभाग, शहराचं उत्तर टोक.

मी निरोप पाठवून विचारलं. उत्तर दहा मिनिटांत आलं, पण क्रमांकाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. साइटवरून पैसे न भरता थेट बँकेत पाठवले तर १५ टक्के कमी करतो, एवढंच लिहिलेलं होतं. मी तिथेच थांबले आणि साइटला कळवलं. तो क्रमांक वाचायला मला दोन दिवस आधी कुणी शिकवलं नसतं, तर मी त्या खिडक्यांच्या मोहात पडून पैसे पाठवले असते, हे मला मान्य करायला हवं.

दुसरी एक जाहिरात सहाव्या मजल्याची होती. झिंकच्या छपराखालच्या या खोल्या पूर्वी घरकामाच्या बायकांसाठी असत. फोटोत खोली मोठी दिसत होती. खाली लिहिलं होतं : ‘३० चौरस मीटर, कारे १९’. शोधल्यावर अर्थ लागला. कारे नावाच्या १९९६ च्या कायद्याने घर विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग क्षेत्रफळात धरत नाहीत. म्हणजे ३० मधल्या ११ चौरस मीटरांत छत १.८० मीटरपेक्षाही खाली होतं. तेव्हापासून मी फोटोंपेक्षा हा आकडा आधी शोधू लागले.

शेवटी जे घर घेतलं ते एका बाईंचं राहतं घर होतं. त्या काही आठवडे आपल्या बहिणीकडे जाणार होत्या. राहतं घर वर्षातून किती दिवस पर्यटकांना द्यायचं याला मर्यादा आहे. १ जानेवारी २०२५ पासून पॅरिसने ती १२० वरून ९० दिवसांवर आणली. केवळ भाड्यासाठी विकत घेतलेल्या घरापेक्षा मला हे बरं वाटलं. बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतील अशीच अट मी घेतली, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो आणि व्हिसा येईपर्यंत सगळं अधांतरीच असतं. पावतीवर घराचा पूर्ण पत्ता आणि चौघांची नावं येतील हे तेवढं बाईंकडून करून घेतलं.

शनिवार, १० मे. विमान सकाळी सातला उतरलं आणि घर मिळणार होतं दुपारी चारला. हॉटेलात बॅगा काउंटरवर ठेवून बाहेर पडता येतं. इथे ती सोय नव्हती. आम्ही विमानतळावरून आरईआर बी ही गाडी धरली, माणशी १३ युरो, आणि गार द्यु नॉर स्थानकावरच्या लॉकरमध्ये सामान ठेवलं. दुपारी ते काढून मेट्रोच्या ५ नंबरच्या लाइनने ब्रेगे-साबँला. नकाशात सहा स्टेशनं पुढे, गाडी बदलायची नाही, म्हणून मी खूश होते. पण मेट्रोच्या जुन्या लाइनींवर जिनेच जिने आहेत. नवरा दोन्ही बॅगा घेऊन पुढे आणि आई माझ्या खांद्यावर भार टाकून मागे. विमानतळावरून नदीच्या उत्तरेकडच्या भागात येणाऱ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, तेव्हा ते ५६ युरो होतं. रेल्वेचं तिकीट चौघांचं धरलं तर त्याच्या फार खाली नव्हतं. इतर कुठेही वाचवा, पण म्हातारं माणूस बरोबर असताना त्या पहिल्या दिवशी वाचवू नका.

बाईंनी किल्ली हातात ठेवण्याआधी सगळं घर फिरवून दाखवलं. कागदावर प्रत्येक खोलीत काय आहे, कुठे ओरखडा आहे हे लिहिलेलं होतं. मी मोबाइलवर फोटो काढत गेले, त्यांनीही काढू दिले. कचऱ्याचे डबे अंगणात : हिरव्या झाकणाचा साधा, पिवळ्याचा कागद, प्लास्टिक आणि पत्र्याच्या डब्यांसाठी, पांढऱ्याचा काचेसाठी. रात्री दहा ते सकाळी सात आवाज नको. संडास वेगळ्या चिंचोळ्या खोलीत, आणि हात धुवायला बाथरूममध्ये यायचं. त्यांच्या मुलीच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, वयाप्रमाणे उंचीच्या. माझी लेक लगेच तिथे पाठ टेकवून उभी राहिली. ती सातच्या आणि आठच्या रेघेमध्ये भरली.

सगळं विचारलं असं वाटत होतं. पहिल्याच संध्याकाळी पाण्याचं विचारलं नव्हतं हे उघड झालं. आधी लेकीची अंघोळ झाली, मग माझी, मग नवऱ्याची. आई सगळ्यांचं आवरल्यावर जाते. ती आत गेली आणि दोन मिनिटांत तिने हाक मारली. पाणी गार झालं होतं.

मला वाटलं गिझर बिघडला. बाईंना निरोप टाकला, त्यांचं उत्तर लगेच आलं. विजेवर चालणारी दीडशे लिटरची टाकी आहे, ती रात्री, वीज स्वस्त असते त्या तासांत तापते. एकदा रिकामी झाली की दुसऱ्या रात्रीपर्यंत गरम पाणी नाही. पण विजेच्या पेटीत एक छोटा खटका आहे, त्यावर तीन खुणा आहेत. तो ‘ऑटो’वरून १ वर नेला की टाकी दिवसाही तापते. तासा-दीड तासाने पुन्हा ऑटोवर आणायला विसरू नका. नवऱ्याने टॉर्च धरला, मी खटका सरकवला. आईने तोवर स्वेटर अंगावर घेऊन खिडकीत बसून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या अंघोळी रात्री, दोघांच्या सकाळी, आणि आई सगळ्यांत आधी. घर घेणाऱ्या कुणालाही मी आता पहिला प्रश्न हा विचारायला सांगते : टाकी किती लिटरची आणि केव्हा तापते?

वीज एकदाच गेली, ओव्हन, किटली आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं तेव्हा. हिरवट-पिवळ्या मीटरवरचं बटण दाबून धरल्यावर आली.

आता बाजाराचं सांगते, कारण घर घेतल्याचं सार्थक मला तिथे वाटलं. बुलेवार रिशार-लन्वारवर गुरुवारी आणि रविवारी सकाळी बाजार भरतो, आणि आमचं घर तिथून चार मिनिटांवर होतं. या रुंद रस्त्याच्या पोटातून सँ-मार्तँ कालवा वाहतो. एकोणिसाव्या शतकात तो वरून झाकला आणि त्यावर हा रस्ता झाला. रविवारी सकाळी आई आणि मी दोघीच गेलो. भाज्या, चीज, मासे, भाजलेल्या कोंबड्या आणि त्यांच्या खाली ठिबकणाऱ्या रसात शिजणारे बटाटे. मे महिना असल्यामुळे स्ट्रॉबेरी आणि पांढऱ्या शतावरीच्या जुड्या होत्या. आईने सवयीने एक खरबूज दाबून बघायला उचललं, तर विक्रेत्याने हसून ते तिच्या हातातून घेतलं. माल तिथे विक्रेता निवडतो. त्याने काहीतरी विचारलं, आम्हाला कळेना. मागच्या रांगेतल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं : आज खाणार की उद्या? आईने बोट दाखवून ‘आज’ म्हटलं. त्याने चार खरबुजं हुंगली, देठाशी अंगठा लावून पाहिला आणि पाचवं दिलं.

पुढच्या गुरुवारी तो तिला ओळखत होता. “बोंजूर, मादाम,” म्हणून त्याने आपण होऊन ‘आज?’ या अर्थी भुवया उंचावल्या. आई त्या दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिने शतावरी, बटाटे आणि साधा भात केला, मीठ बेताचं, आणि चौघं खिडकीजवळच्या टेबलावर बसून जेवलो. बाहेर नऊ वाजून गेले तरी उजेड होता.

इमारत मात्र आमची एकट्याची नव्हती, आणि हे सारखं ध्यानात ठेवावं लागतं. लाकडी फरशीवर आठ वर्षांचं मूल धावलं की खालच्या छताला कळतं. तिसऱ्या दिवशी खालचे वृद्ध गृहस्थ वर आले. रागावले नव्हते. हाताने धावण्याची खूण करून त्यांनी दोन्ही तळवे गालाशी नेले, झोपेची खूण. त्यानंतर घरात सगळे मोज्यांवर, आणि लेकीने त्यांच्यासाठी चित्र काढून दाराखालून सरकवलं.

तळमजल्यावर पत्रपेट्यांशेजारी एक सूचना लावलेली होती. फोनने भाषांतर करून वाचली. इमारतीतल्या घरमालकांच्या वार्षिक सभेचे विषय होते आणि त्यातला एक पर्यटकांना घरं देण्याबद्दलचा होता. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने काही अटींवर अशा भाड्याला मनाई करणं मालकांच्या सभेला पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. मी ती सूचना दोनदा वाचली. ज्या शहरात राहायला घर मिळणं इतकं कठीण आहे, तिथे एक घर आमच्यासारख्यांसाठी रिकामं ठेवलेलं असणं याचा त्रास त्या लोकांना होतो आणि तो रास्त आहे. आमच्या घरातल्या कपाटात बाईंचे कोट टांगलेले होते, चौकटीवर रेघा होत्या. त्या परत येऊन तिथेच राहणार होत्या. हे नसतं तर मला त्या जिन्यावरून कुणाच्या नजरेला नजर देता आली नसती.

दाराचा प्रसंग आठव्या दिवशी घडला. नवरा आईला घेऊन बागेत गेला होता. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाले, लेक मागोमाग आली आणि तिने दार ओढून घेतलं. बाहेरून त्या दाराला फिरवायची मूठच नाही. ओढलं की बंद. किल्ली आतून कुलपात लावलेली. दुसरी किल्ली नवऱ्याकडे आहे, तो येईल, म्हणून मी निश्चिंत होते. तो आला, पण किल्ली आत जाईना, कारण आतल्या बाजूने पहिली किल्ली कुलपातच होती. आई त्या नवव्या पायरीवर बसली. जिन्यातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो. लेक दर वेळी बटण दाबत होती.

पत्रपेट्यांजवळ कुलूपवाल्यांची पत्रकं पडलेली होती, वर पोलीस आणि अग्निशमन दलाचे नंबर छापलेली, सरकारी वाटावीत अशी. मी एक उचललं, तेवढ्यात इमारत सांभाळणाऱ्या बाई अंगणातून आल्या. तिथे त्यांना गार्दियेन म्हणतात. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मान जोरात हलवली. हे लोक दाराचं कुलूप फोडतात आणि शेकड्यांनी युरो मागतात, हे त्यांनी बोटांवर आकडे दाखवून समजावलं. मग स्वतःच्या फोनवरून घरमालकीणबाईंना लावला, आणि आईला आपल्या खोलीत नेऊन खुर्ची आणि पाणी दिलं.

तासाभराने बाईंच्या ओळखीचा माणूस आला. त्याच्या हातात हत्यार नव्हतं, एक्स-रेची जुनी फिल्म होती. दार नुसतं ओढलेलं आहे, किल्ली फिरवून कुलूप लावलेलं नाही, याची त्याने आधी खात्री केली. मग फटीत फिल्म सरकवली, दार खांद्याने हलवलं, फिल्म खाली ओढली. अर्ध्या मिनिटात दार उघडलं. त्याला ८० युरो दिले. त्या दिवसापासून दाराजवळच्या खुंटीला किल्ली, आणि बाहेर पडणाऱ्याने “किल्ली” असं मोठ्याने म्हणायचं, हा नियम लेकीने केला आणि पाळायलाही लावला.

निघायच्या दिवशी, २१ मेला, चादरी काढून ठेवल्या, काचेच्या बाटल्या पांढऱ्या झाकणाच्या डब्यात टाकल्या, पुन्हा सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. घर सकाळी अकराला सोडायचं होतं आणि विमान रात्रीचं. गार्दियेन बाईंनी न सांगता बॅगा आपल्या खोलीत ठेवून घेतल्या. आईने त्यांना बाजारातून आणलेली स्ट्रॉबेरी दिली. दोघी एकमेकींच्या भाषेतला एक शब्द न कळता बराच वेळ बोलत होत्या. डिपॉझिटला हात लागला नाही.

घरी आल्यावर मी बाईंना लांबलचक निरोप लिहिला. घराचं कौतुक मनापासून केलं, आणि दोन गोष्टी जाहिरातीत घालायची विनंती केली : टाकी आणि लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘लिफ्ट आहे’ एवढं पुरत नाही, असं लिहिलं. उत्तरात त्यांनी आईची विचारपूस केली, बाकी काही म्हणाल्या नाहीत. गेल्या महिन्यात मैत्रिणीला दाखवायला ते पान उघडलं. ‘तिसरा मजला, लिफ्ट आहे’ यापुढे आता एक ओळ आहे : ‘लिफ्टपासून दारापर्यंत नऊ पायऱ्या.’ मी फोन आईकडे दिला. तिने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.